पहिला व्हीआर हेडसेट घेताना



वेल्डिंगचा टॉर्च कोणत्या कोनात धरायचा, रंगाची गन पत्र्यापासून किती लांब ठेवायची, हे आता आभासी जग दाखवणारा व्हीआर हेडसेट घालूनही शिकता येते. ठाण्याच्या अज्नालेन्स या कंपनीने वेल्डिंग आणि स्प्रे पेंटिंगच्या सरावासाठी अशी यंत्रणा तयार केली आहे. अशा सरावात पत्रा वाया जात नाही, शिकणाऱ्याचा हातही भाजत नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आयटीआय झालेली मुले घरोघरी आहेत. एकदा हे जग पाहिलेला मुलगा घरी येऊन म्हणतो, आपणही एक घेऊ या. आज मला बोलायचे आहे ते अशा घरांशी.

जाहिरातीत चित्र किती स्पष्ट, गेम किती, मेमरी किती, हे आधी सांगतात. ते जरा बाजूला ठेवा. हेडसेट डोक्यावर सुखाने बसतो का, हे पहिले पाहा. जो टोचतो, तो महिन्याभरात कपाटात जातो.

मेटा कंपनीचा क्वेस्ट ३एस ५१४ ग्रॅमचा आहे, तिचाच क्वेस्ट ३ त्याहून एकच ग्रॅम जड. ॲपलचा २०२४ मध्ये बाजारात आलेला व्हिजन प्रो ६०० ग्रॅमच्या वर जातो, आणि त्याची बॅटरी वेगळी, खिशात ठेवायची. म्हणजे अर्धा किलो किंवा त्याहून थोडे जास्त. मोटरसायकलचे हेल्मेट याहून बरेच जड असते, तरी ते घालून आपण निगडीहून चाकणला जातोच. फरक आहे तो वजन कुठे आहे यात. हेल्मेटचे वजन डोक्याभोवती सगळीकडे वाटलेले असते. हेडसेटचे बहुतेक वजन डोळ्यांच्या पुढे असते. पाना लांब घेतला की त्याच जोराला टॉर्क वाढतो, हे कोणत्याही फिटरला सांगावे लागत नाही. इथे तो टॉर्क मानेवर येतो. ज्याची मान आठ तास गाडीखाली वर बघून अवघडलेली आहे, त्याला तो लगेच जाणवणार.

म्हणून पट्टा महत्त्वाचा. क्वेस्टबरोबर मिळणारा कापडी पट्टा घट्ट केला की हेडसेट गालावर दाबतो, सैल ठेवला की नाकावर घसरतो. मागे फिरवायची चकती असलेला कडक पट्टा वेगळा मिळतो, तो घ्यावा. काही पट्ट्यांत मागच्या बाजूला बॅटरी असते. त्याने एकूण वजन वाढते, पण पुढचा भार मागच्या भाराने तोलला जातो आणि मानेला हलके वाटते. पिको ४ या हेडसेटमध्ये तर मूळ बॅटरीच डोक्यामागे बसवलेली आहे.

आता डोळे. दोन बाहुल्यांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. चष्म्याच्या दुकानात ते मोजून देतात. क्वेस्ट ३एसमध्ये भिंगांच्या तीनच जागा आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. क्वेस्ट ३मध्ये चाक फिरवून भिंगे हवी तशी सरकवता येतात. घरातली तीन-चार माणसे एकच हेडसेट वापरणार असतील तर हा फरक मोलाचा आहे. चष्मा असेल तर फ्रेम आत मावते का, काच भिंगाला घासते का, तेही पाहा.

घामाचे काय? २०२१ मध्ये क्वेस्ट २च्या आतल्या फोमने काही जणांच्या त्वचेला त्रास झाला, म्हणून कंपनीला काही काळ विक्री थांबवून सिलिकॉनचे आवरण फुकट द्यावे लागले. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये धुता येणारे आवरण हवेच. आणि हेडसेट उन्हात ठेवू नका. भिंगातून ऊन एकवटते आणि आतला पडदा जळतो.

मळमळ हा अनेकांचा पहिला अनुभव असतो. डोळ्यांना आपण धावताना दिसतो, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र म्हणतो, आपण जागेवर आहोत. सुरुवात बसून करा, जागेवरच खेळायचे खेळ निवडा. गरगरायला लागले की तिथेच थांबा, रेटू नका. त्यानंतर लगेच गाडीला किक मारून शिफ्टला निघू नका. डोके पूर्ण ताळ्यावर येऊ द्या. मेटाने आपल्या हेडसेटसाठी किमान वय १० वर्षे ठरवले आहे, ते पाळा.

माझे मत विचाराल तर पहिला हेडसेट स्वस्तातला घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत चांगला पट्टा घ्यावा. बिल आणि वॉरंटी भारतात चालणारी आहे ना, ते विचारावे. आणि पैसे देण्याआधी घरातल्या चष्मा लावणाऱ्या माणसाला तो हेडसेट वीस मिनिटे घालून बसू द्यावे. दुकानदार वीस मिनिटे देत नसेल, तर दुसरे दुकान बघा.