आईपण शिकावं लागतं

(गणेशोत्सवातील महिलांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



'आईपणाने मला काय शिकवले' या विषयावर बोलायला मला सांगितले आहे. मी या विषयातली तज्ज्ञ नाही. दोन मुलांची आई आहे, एवढीच माझी पात्रता. मुलगी आता नोकरी करते, मुलगा कॉलेजात आहे. दोघेही इथेच, सेक्टर ३० मध्ये वाढली. त्यामुळे मी जे सांगणार ते पुस्तकातले नाही, इथल्या स्वयंपाकघरातले आणि गॅलरीतले आहे.

अशा कार्यक्रमांत आईला थोर म्हणायची पद्धत आहे. ऐकायला बरे वाटते. पण मला त्याची थोडी भीतीही वाटते. थोर म्हटले की माणूस मखरात जाऊन बसतो, आणि मखरातल्या मूर्तीला कोणी विचारत नाही, "सकाळपासून काही खाल्लंस का? दे बाळाला माझ्याकडे, तू जरा पड." आईपण ही जन्मजात मिळालेली देणगी नाही, ते शिकावे लागते. आणि शिकायला शेजारी कोणीतरी लागते. आज मला एवढेच सांगायचे आहे.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत आहे. त्यात लाड असतात, तसेच शिक्षणही असते. बाळाला अंघोळ कशी घालायची, दुपट्यात कसे गुंडाळायचे, रडणे भुकेचे की पोटदुखीचे, हे सारे मुलगी आईच्या आणि आजीच्या हाताकडे बघून शिकते. माझे पहिले बाळंतपण मात्र इथेच झाले. दिवाळीच्या आधी मुलगी झाली. आई बारशापर्यंत राहिली आणि घरच्या आजारपणामुळे तिला परतावे लागले. मग थंडी आली. चंदीगडचे धुके तुम्हाला ठाऊक आहेच. दुपटी दोन-दोन दिवस वाळत नसत. मी इस्त्री फिरवून ती कोरडी करी. आईने दिलेले खोबरेल तेल बाटलीत दगडासारखे गोठले होते. फोन करायचा तर रात्री उशिरा, एसटीडीचे दर उतरल्यावर.

तेव्हा शेजारच्या बीजी आल्या. त्यांना मराठी येत नव्हते, मला पंजाबी येत नव्हते. त्यांनी मोहरीचे तेल कोमट केले, पाय पसरून बसल्या, बाळाला पायांवर घेतले आणि माझा हात धरून बाळाच्या पाठीवर फिरवला. भाषेची गरजच पडली नाही. डिंकाच्या लाडवांऐवजी त्यांच्या हातची पंजिरी मी खाल्ली. गूळ-तुपाची जिव्हाळ्याची चव दोन्हीकडे सारखीच!

जानेवारीत एक गंमत झाली. पंजाबी घरात बाळाची पहिली लोहडी मोठ्या थाटाची असते, आणि आपल्याकडे पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. लोहडी झाली की दुसऱ्याच दिवशी संक्रांत! आदल्या रात्री बीजींच्या अंगणातल्या शेकोटीत आम्ही तीळ, रेवड्या, शेंगा टाकल्या. दुसऱ्या दिवशी काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून आमची लेक पाटावर बसली, म्हणजे माझ्या मांडीवर, आणि बोरे, चुरमुरे, उसाचे करवे यांच्यात बीजींनी उरलेल्या रेवड्या मिसळल्या. माहेर नकाशावर एकाच ठिकाणी असते असे नाही, हा माझा पहिला धडा.

दुसरा धडा भाषेचा. मुलगी बोलू लागली तेव्हा माझ्याशी मराठी, बीजींशी पंजाबी, खेळताना हिंदी. कोणाशी काय बोलायचे हे तिला कोणी शिकवले नाही. "आपली मुलं मराठी विसरणार," ही काळजी इथल्या प्रत्येक घरात असते. मी तिला मराठीची शिकवणी लावली नाही. ओट्याशी उभे केले. उलथणे दे, सांडशी धर, झारा कुठे आहे, पोळी करपली बघ. हे शब्द तिला आजही दुसऱ्या कुठल्या भाषेत चटकन आठवत नाहीत. भाषा कामाच्या आणि रुसव्याफुगव्याच्या आधाराने टिकते, उपदेशाने नाही.

पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी वाचले, तेव्हा हे अधिक उमगले. बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी महागडी साधने न आणता पाने, बिया, खडे यांतून मुलांना शिकवले. आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर रुळला आहे, त्याची मुळे आपल्या ठाणे-पालघरच्या मातीत आहेत. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द गावोगावी गेला. 'येत नसेल तर आपण जावे', हे सूत्र लक्षात ठेवा. शेवटी मला त्याचा उपयोग करायचा आहे.

तिसरा धडा मुलाने दिला. पाच वर्षांचा असताना त्याने एका संध्याकाळी पाटी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितले, "आई, मी दमलो." कारण नाही, लाज नाही. मला वाटले, हे वाक्य आपल्या तोंडून का निघत नाही? त्या आठवड्यात मीही म्हटले, "मी दमले आहे, आज खिचडीच." घरात कोणालाही धक्का बसला नाही. उलट ह्यांनी पापड भाजले!

ह्यांचा विषय निघालाच आहे तर चौथा धडा. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या दोन वेण्या घालायचे काम ह्यांनी घेतले. पहिल्या दिवशी एक वेणी कानावर, दुसरी मानेवर. मुलगी तशीच शाळेत गेली. मी त्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात भांग सरळ आला. बाबांनाही शिकायला वेळ लागतो, आणि तो आपण द्यावा लागतो.

आपल्या सेक्टरात सीएसआयओसारखी मोजमापाची उपकरणे घडवणारी संस्था आहे. आईच्या कामाचे माप घेणारे यंत्र मात्र अजून निघालेले नाही, असे मी गमतीने म्हणायची. पण वेळेचे माप घेतले गेले आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करतात आणि त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटे घालवतात. पुरुषांत हे काम करणारे २१.४ टक्के, आणि त्यांची मिनिटे ७४. स्वयंपाक, धुणीभांडी यांचा हिशेब वेगळाच. हे आकडे मी कोणाला टोचायला सांगत नाही. थोरपणा म्हणून आपण ज्याची पूजा करतो त्यातला बराचसा भाग वाटून घेण्याजोगे काम आहे, एवढेच त्यातून दिसते.

आता मंडळाकडे माझे मागणे. आज आपल्यात बदलीवर नव्याने आलेल्या मुली आहेत. काहींच्या कडेवर तान्ही बाळे आहेत, काही जणी बाळामुळे इथे येऊच शकलेल्या नाहीत. बीजींसारखी शेजारीण प्रत्येकीला लाभेलच असे नाही. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. ज्या मराठी घरात बाळ येईल त्या घरी पहिले चाळीस दिवस आळीपाळीने डबा पोचवावा. उत्सवातल्या प्रत्येक कार्यक्रमात लहान मुलांसाठी एक कोपरा असावा आणि तो पुरुष मंडळींनी सांभाळावा, म्हणजे आयांना आरती दारातून नव्हे, आत उभे राहून म्हणता येईल. आणि जी येऊ शकत नाही तिच्या घरी गौरीचे हळदीकुंकू घेऊन आपण जावे. ताराबाईंनी मुलांसाठी केले ते आपण आयांसाठी करू.

गौरी आपल्याकडे माहेरवाशीण म्हणून येते. पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. तिला कोणी कामाला लावत नाही. तीन दिवसांनी ती तृप्त होऊन जाते. आपल्या सेक्टरातल्या लेकीसुनांनाही चाळीस दिवसांचे तेवढेच माहेर मिळावे, ही गणरायाचरणी प्रार्थना करते आणि माझे बोलणे संपवते.

डब्यांच्या यादीत पहिले नाव माझे लिहा. सोमवार माझा.

गणपती बाप्पा मोरया!