पात्र कोणाचे, परिसर कोणाचा?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीतील काही मुले-मुली सध्या ‘कन्सेप्ट आर्ट’ नावाचा विषय शिकत आहेत. पालक आम्हाला विचारतात, “पोरगं दिवसभर माणसं आणि घरं काढत बसतं. याला शिक्षण म्हणायचं का?” संस्थेचा चित्रकला वर्ग चालवणारे म्हणून उत्तर देण्याची जबाबदारी आमच्यावर येते.

चित्रपट, कार्टूनपट किंवा संगणकावरील खेळ तयार होण्यापूर्वी त्यातील माणसे कशी दिसतील आणि कुठे राहतील, हे कोणीतरी कागदावर ठरवावे लागते. नायकाची उंची, त्याची चाल, पायातली चप्पल, घराचे छप्पर, गल्लीत येणारा उजेड, सगळे आधी काढायचे. एकच पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून. हसताना, चिडताना, थकल्यावर. परिसराची बोटभर आकाराची दहा-वीस कच्ची चित्रे, आणि त्यांतून एक पक्के. पुढे शंभर माणसे त्या चित्राबरहुकूम काम करतात.

नाव इंग्रजी असले तरी हे काम महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे सुतारकामाचा आणि शिल्पकामाचा वारसा असलेल्या मिस्त्री घराण्यातले. कलाशाळेत न जाता ते चित्रकार झाले, नाटकांचे पडदे रंगवले, पुढे स्वतःचा कॅमेराही तयार केला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. चित्रीकरणापूर्वी ते पात्रांची, पोशाखांची आणि हालचालींची रेखाटने स्वतः करीत. देवादिकांच्या आणि राजांच्या चित्रपटांचा तो काळ. अशा वेळी १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला आणि पडद्यावर सावकाराने नागवलेला शेतकरी आला, त्याची झोपडी आली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल ‘प्रभात’बरोबर १९३३ साली पुण्यात आले. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कलादिग्दर्शनाचे शिक्षण तिथे मिळते, आणि राखीव जागाही आहेत. आपल्यापैकी कितीजण त्या लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज जातात आणि फाटकाकडे पाहतसुद्धा नाहीत!

आता मुद्द्याचे बोलू. आमच्या वर्गात पहिला अभ्यास असतो तो कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाईचे पात्र तयार करण्याचा. दरवर्षी पहिल्या दिवशी कागदावर जवळजवळ एकच बाई उमटते. फाटके लुगडे, विस्कटलेले केस, केविलवाणे डोळे, पसरलेला हात. ज्या मुलीची स्वतःची आजी हे काम करते, तिच्याही कागदावर तीच बाई! आजी घरात आहे, रोज दिसते. पण पेन्सिल हातात घेतली की सिनेमातली भिकारीण आठवते. आम्हाला याचे फार वाईट वाटते, आणि म्हणूनच हा अभ्यास आम्ही बंद करीत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना माल निवडण्याच्या जागी पाठवतो. चित्र काढायचे नाही, फक्त बघायचे आणि विचारायचे. मग कळते की साडीवर पुरुषी शर्ट चढवला आहे तो साडी मळू नये म्हणून. पोत्याच्या वजनाने एक खांदा कायमचा उतरला आहे. प्लास्टिक हाताने चुरगाळून, त्याचा आवाज ऐकून ती त्याची जात सांगते. (प्लास्टिकला जात असते हे ऐकून मुले हसतात. हसू द्यावे.) आणि गळ्यात ओळखपत्र आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे बायकांना ओळखपत्रे मिळाली, महापालिकेनेही ती मानली. त्याआधी पोते खांद्यावर दिसले की चोर म्हणून हटकणे नेहमीचे होते. २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्या महापालिकेबरोबरच्या कराराने घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. म्हणजे ते छोटेसे कार्ड हा त्या पात्राचा इतिहास आहे. ते काढले तर ती कामगार दिसते, आणि गाळले तर पुन्हा भिकारीण.

चित्रकथांतून आणि मालिकांतून राक्षस काळा, नायक गोरा, नोकर बुटका, वस्ती म्हणजे चिखल आणि अंधार, हे इतके गिरवले गेले आहे की ते कोणीतरी ठरवले होते हेच आपण विसरलो. आता संगणकाला सांगितले की क्षणात चित्र तयार होते. पण तो जुन्याच चित्रांवर शिकलेला आहे. त्याच्याकडून नवी वस्ती कुठून येणार? अशा यंत्रांमुळे नवख्या चित्रकाराची कामे कमी होण्याची भीतीही खरी आहे, हे पालकांपासून आम्ही लपवीत नाही. पण जे त्या यंत्राने पाहिलेलेच नाही ते आपल्या मुलांनी पाहिले आहे.

अजिंठ्याचे चित्रकार याबाबतीत आपल्या पुढे होते. तिथे सावळी राणी आहे, गोरी दासी आहे, परदेशी पाहुणे आहेत. रंगावरून माणसाचा चांगुलपणा ठरत नाही. दहाव्या लेण्यात छद्दन्त हत्तीची जातककथा आहे. ज्या हत्तीचे दात राणीने हट्टाने मागवले, ते समोर येताच ती कोसळते. खलनायिकेलाही पश्चात्तापाचा चेहरा देणारा तो चित्रकार भिंतीवर नाव न लिहिता गेला.

बाबासाहेबांचेच घ्या. निळा कोट, हातात पुस्तक, उंचावलेले बोट, ही आकृती अर्ध्या मैलावरून ओळखू येते. पात्ररचनेचा याहून उत्तम नमुना नाही. पण आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही दोन बाबासाहेब काढायला सांगतो. एक १९२७ च्या मार्चमधले, महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेले, वय पस्तीस. दुसरे १४ ऑक्टोबर १९५६ चे, नागपुरात, पांढऱ्या रेशमी धोतरात आणि पांढऱ्या कोटात, हातात काठी, शरीर थकलेले. निळा कोट नाही, तरी ते बाबासाहेबच वाटले पाहिजेत. मुलांचा खरा कस इथे लागतो. मग ती चरित्र वाचू लागतात, छायाचित्रे शोधतात, आणि वाचनाचा कंटाळा करणारी पोरे तारखांवरून भांडतात.

जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ चित्रपटासाठी नितीन देसाई यांना कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो असाच काळ उभा केल्याबद्दल. आणि २०११ चे ‘भीमायन’ अवश्य मिळवून पाहा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची कथा आपल्या पद्धतीने, चौकटी मोडून काढली आहे. मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात लिहिले आहे, जातीचे विष ओकणारे बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात. ही कल्पना परदेशी स्टुडिओतून आलेली नाही.

व्यवहाराचे थोडे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा शाळेतच देऊन टाका. खाजगी संस्थेची लाखाची फी भरण्याआधी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, भारत सरकारची शिष्यवृत्ती लागू होते का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. जाहिरातीवर जाऊ नका. या धंद्यात प्रमाणपत्रापेक्षा चित्रांची वही आधी पाहिली जाते. त्या वहीत ड्रॅगन एखादाच असावा.

परिसराचा अभ्यास मात्र खोलीत बसून होत नाही. कार्ल्याच्या चैत्याच्या शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराची नोंद आहे. त्याने तिथले दार केले. त्या चैत्याच्या छताला दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी अजून आहेत. भाज्यालाही आहेत, आणि तिथले खांब आत किंचित कललेले आहेत. लाकडी घरात तसे खांब लागत. दगडात त्यांची गरज नव्हती, तरी कारागिराने ते तसेच ठेवले. का ठेवले असतील, हा प्रश्न घेऊन येत्या रविवारी आम्ही मुलांना भाज्याला नेणार आहोत. सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे, पुढे चालत. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, उजेड दुपारनंतर आत येतो, तेव्हा संध्याकाळपर्यंत थांबायचे आहे. प्रत्येकाने कागद, दोन मऊ पेन्सिली आणि भाकरी आणावी. ज्यांना पालकांची परवानगी हवी आहे त्यांनी सभा संपल्यावर आम्हाला भेटावे.

जय भीम! नमो बुद्धाय!