जाम बोल्टशी भांडू नका



आज एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे गंजून जाम झालेला बोल्ट. जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करणे हा माझा व्यवसाय. या कामात रंगकाम किंवा इंजिनाची जुळणी अवघड असेल, असे लोकांना वाटते. खरे दिवस जातात ते गाडी न मोडता उघडण्यात.

ओळखीच्याच गाडीचे उदाहरण घेऊ. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. आता काही गाड्या हौशी लोकांनी सांभाळल्या आहेत, काही गोठ्याशेजारी किंवा चाळीच्या कोपऱ्यात उभ्या आहेत. सुटे भाग मिळतात ते शिल्लक साठ्यातून, नाहीतर भंगार बाजारातून. त्यामुळे घाईत एखादा स्टड मोडला आणि त्याबरोबर हेडचा टवका उडाला, तर नुकसान त्या स्टडपुरते राहत नाही. पुन्हा न घडणारा एक भाग कायमचा जातो.

बोल्ट जाम का होतो? गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसभर फट असते, ती गंजाने ठासून भरते. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या कामाला हातभार लावतात. दुसरे कारण दोन धातूंच्या सोबतीचे. पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्टड बसला आणि तिथे ओल शिरली, की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी पूड आट्यांत घट्ट बसते.

म्हणजे आपल्याला बोल्टवर मात करायची नसून हा गंज फोडायचा आहे. हे एकदा ध्यानात आले, की कामाची रीतच बदलते.

पहिले काम तारेच्या ब्रशने उघडे आटे स्वच्छ करण्याचे. मग जिरणारे पातळ तेल सोडायचे आणि निघून जायचे. हो, निघून जायचे! संध्याकाळी पुन्हा तेल, सकाळी पुन्हा तेल. मधूनमधून बोल्टच्या माथ्यावर हातोडीने नेमके, बेताचे ठोके द्यायचे. त्या हादऱ्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरते.

पाना लावण्याआधी दिशा तपासावी. गाडीखाली उताणे पडून वरच्या बोल्टकडे उलट बाजूने पाहिले, की डावे-उजवे हमखास फसवते. काही गाड्यांचे आटेच उलटे असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट तसे होते. असा नट जोर लावून 'सोडवणारा' माणूस प्रत्यक्षात तो आवळत असतो.

पाना रिंगचा किंवा सॉकेटचा घ्यावा आणि तोही सहा कोनांचा. उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजूंना धरतो आणि कोन घासून माथा गोल करतो. आता एक उलटी वाटणारी युक्ती. बोल्ट आधी किंचित आवळायचा. तो 'टक्' करून हलला, तर अर्धी लढाई जिंकली. मग थोडा सैल, थोडा मागे, पुन्हा तेल. पाव फेरा पुढे गेलात तर थोडे परत या. सुटत आलेला बोल्ट सरळ ओढून काढण्याच्या नादात मोडतो.

एवढ्याने भागले नाही, तर उष्णता. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. नट फुगतो, गंजाची पकड तुटते. ज्योत बाजूला घेऊन गरम आट्यांना मेणबत्ती टेकवली, तर पातळ झालेले मेण आत ओढले जाते. पण ज्योतीला काही नियम आहेत. पेट्रोलची टाकी, पेट्रोलची नळी, ब्रेकचे रबर आणि बंद शॉकअब्सॉर्बर यांच्याजवळ ती कधीही नेऊ नये. नुकतेच तेल सोडले असेल तर ते पुसून घ्यावे. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर फारच जपावे. ते ६६० अंश सेल्सियसला वितळते, त्याचे मिश्रधातू त्याही आधी, आणि लोखंडासारखे लाल होऊन ते आधी सूचना देत नाही.

मध्यंतरी रत्नागिरीकडच्या एका बाईंनी आपल्या वडिलांची पद्मिनी आणली. अकरा वर्षे शेडमध्ये उभी. इंजिन जागचे हलत नव्हते. दुसरे इंजिन बसवणे सोपे होते, पण त्यांचा एकच प्रश्न होता, "इंजिन बाबांचंच राहील ना?" आम्ही चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात ओतले. रोज संध्याकाळी चौथा गिअर टाकून दोघांनी गाडी हलकेच पुढे-मागे लोटायची, एवढेच काम. स्टार्टरला हातही लावला नाही, कारण जाम इंजिनावर त्याने जोर केला तर काहीतरी मोडते. आठ दिवस काही झाले नाही. नवव्या दिवशी पंख्याची पुली बोटभर फिरली. पुढे इंजिन उघडून रिंगा बदलल्या, सगळे तेल नवे घातले. ब्लॉक मात्र तोच राहिला. बाईंना फोन केला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

इतके करूनही काही बोल्ट मोडतातच. तेव्हा उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करून तो फिरवता येतो. तेही जमले नाही, तर बरोबर मध्यावर भोक पाडून आटे नवे करावे लागतात. ब्रेकची हवा काढायची निपल पोकळ असल्याने चटकन तुटते. सोडवताना तिच्या भोकात नेमक्या मापाचा ड्रिल घालून ठेवला, तर तिला आतून आधार मिळतो. मात्र ब्रेकचा भाग दुखावला असेल, तर तो बदलायचाच. तिथे जुनेपणाचे कौतुक नको, कारण त्या गाडीत माणसे बसणार आहेत.

आणि जोडणी करताना स्वच्छ आट्यांना योग्य ते ग्रीस जरूर लावा. वीस वर्षांनी कुणीतरी हाच बोल्ट पुन्हा उघडणार आहे. त्याचे काम आपल्यापेक्षा सोपे व्हावे, एवढे तरी आपण करू शकतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)