साबणाचं माप वाटीनं नव्हे, वजनानं

घरी साबण करून विकणारे बचत गट आता गावोगावी आहेत. आम्हीही त्यातल्याच. भाजीत मीठ अंदाजानं घातलेलं चालतं, पण साबणात कॉस्टिक सोडा अंदाजानं घालून चालत नाही. का, ते आज बघूया.

तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की दोघांचं मिळून साबण आणि ग्लिसरीन होतं. त्यांचा हिशेब ठरलेला असतो. तेलाच्या एका बारीक कणाला, म्हणजे रेणूला, कॉस्टिकचे तीन कण लागतात. खोबरेल तेलाचे रेणू लहान, म्हणून किलोभर तेलात ते संख्येनं जास्त. शेंगतेलाचे मोठे, म्हणून कमी. त्यामुळे 1 किलो खोबरेलाला साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक लागतो, तर 1 किलो शेंगतेलाला 136 ग्रॅमच. खोबरेलाचं माप शेंगतेलाला लावलं, तर 47 ग्रॅम कॉस्टिक वडीत तसाच उरेल. त्या वडीनं लेकराला आंघोळ घातली, तर कातडी भाजेल.

म्हणून तेल बदललं की माप बदलायचं, आणि वजनकाट्यावरच मोजायचं. आम्ही हिशेबापेक्षा शंभराला पाच कमी घेतो. खोबरेलाला 174 ग्रॅम. थोडं तेल उरलं तर कातडीला बरंच असतं.

आता उष्णतेचं. चुनकळीवर पाणी घातलं की ती कशी तापते, ते आपण पाहिलंय. कॉस्टिकही पाण्यात विरघळताना तसाच तापतो. खाली जाळ नसताना भांड्याला हात लावता येत नाही. म्हणून आधी पाणी घ्यायचं आणि त्यात कॉस्टिक थोडा थोडा सोडायचा. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उकळून अंगावर उडतं. द्रावण निवलं की मग तेलात घालायचं. तिथेही उष्णता निघते, म्हणून भांडं काठोकाठ भरू नका.

भांडं स्टीलचं घ्या. जर्मनचं पातेलं कॉस्टिक खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. हातमोजे, चष्मा घाला, पोरांना लांब ठेवा. अंगावर किंवा डोळ्यात उडालंच, तर लिंबू-व्हिनेगर न लावता वाहत्या पाण्यानं निदान 15 मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा.

वड्या चार आठवडे वाऱ्यावर सुकवा, मगच विका. आपल्या साबणावर गिऱ्हाईक विश्वास टाकतं, तो काट्यावरच्या मापानं राखूया.