एक्सएमएल, काका आणि गळालेल्या कमेंट्स

वडीगोद्रीहून बोलतोय. अँड्रॉइड ॲपमधली मराठी बटणं कुठं राहतात माहितीये? ‘व्हॅल्यूज-एमआर’ फोल्डरमध्ये, स्ट्रिंग्ज नावाच्या एक्सएमएल फाइलीत.

काकांच्या खत-बियाण्याच्या दुकानासाठी मी ॲप बनवत होतो. ‘उधारी’, ‘सरकी’ असे शब्द काकांचेच. कुठला शब्द का घेतला, ते मी फाइलीतच कमेंटमध्ये लिहून ठेवलं होतं.

एक शब्द बदलायला पायथॉनचं एलिमेंटट्री घेतलं. ते फाइल वाचून झाड उभं करतं. प्रत्येक टॅग म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याचा मजकूर बदलायचा, राइट म्हणायचं, झालं!

फाइल उघडली, तर ‘व’च्या जागी २३५७ हा आकडा. ॲप वाचेल हो, पण काकांना काय दाखवू? राइट करताना एन्कोडिंग युटीएफ-८ सांगितलं नाही, की असंच होतं.

कमेंट्स तर गायबच! त्या वाचतानाच गळतात. पायथॉन ३.८ पासून ट्रीबिल्डरला ‘इन्सर्ट कमेंट्स’ ट्रू सांगितलं की टिकतात.

ती सगळी कारणं परत विचारायला काकांजवळ अख्खी संध्याकाळ बसलो. म्हणून सांगतो, आधी कॉपी काढा, मगच राइट करा. भेटूया!