फुलं पाहुण्यांसाठी, पानं मुक्कामासाठी



शिबिराच्या वेळापत्रकात 'गॅलरीत फुलपाखरं' हे नाव वाचून तुमच्यातले काही जण हसले, ते मी पाहिलं. काल संविधान, आज सकाळी तोंडी तलाक, आणि आता फुलपाखरं! तरीही थोडा वेळ द्या.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. वस्ती दाट, अंगण नाही. लहानशी गॅलरी आहे आणि तिथे चार-पाच तास ऊन येतं. फुलपाखरं यावीत म्हणून मी झेंडू, सदाफुली, एक्झोरा आणि पेंटास लावले. फुलपाखरं आली, मध प्यायली आणि निघून गेली.

मग एक दिवस अम्मीच्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या सापडल्या. अम्मी म्हणाली, "औषध मार." मी बाटली शोधायला लागले, तेवढ्यात धाकट्या भावाने फोटो काढून पुस्तकाशी ताडून पाहिला. ती कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची पिल्लं होती. म्हणजे ज्यांना बोलवायला मी फुलं लावली, त्यांच्याच मुलांना मारायला निघाले होते.

इथेच आपलं चुकतं. फुलपाखरू मध अनेक फुलांतून घेतं, पण अंडी ठरावीक झाडांवरच घालतं. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी चव घेते आणि झाड ओळखते. कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता किंवा लिंबू लागतो, प्लेन टायगरला रुई, तर रेड पिएरोला पानफुटी. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. फुलं लावली तर फुलपाखरू येतं. पानं खाऊ दिली तरच ते वस्ती करतं.

"अळीला हात लावला की खाज सुटते," असं शेजारच्या खाला म्हणाल्या. काही केसाळ अळ्यांबाबत ते खरं आहे. ही अळी मात्र गुळगुळीत असते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. तेवढंच तिचं शस्त्र. हे आम्ही ऐकून मानलं नाही, रोज पाहून खात्री केली.

अम्मीचा प्रश्न मात्र रास्त होता: "मग फोडणीत काय घालू, तुझी फुलपाखरं?" त्यावर तोडगा सोपा निघाला. कढीपत्त्याची दुसरी कुंडी आणली. एक स्वयंपाकाची, एक अळ्यांची. स्वयंपाकाच्या कुंडीवर अळी दिसली की अलगद दुसरीकडे न्यायची. कीटकनाशक कोणत्याच झाडावर मारायचं नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर आधीच फवारणी झालेली असू शकते, म्हणून विचारून घ्यायचं. एका बशीत ओली माती ठेवायची, तिच्यातले क्षार शोषायला नर येतात. सगळ्या अळ्या जगत नाहीत. काही पक्षी खातात, काहींना गांधीलमाश्या नेतात. तेही चालू द्यायचं.

आता हे तुम्हाला का सांगतेय? लग्नानंतर आम्ही भाड्याने घर शोधत होतो. एका घरमालकांनी प्रेमाने बसवलं, चहा पाजला, मग नाव विचारलं आणि "फोन करतो" म्हणाले. तो फोन आजवर आलेला नाही. तुमच्यापैकी अनेकांना हा चहा ओळखीचा असेल. पाहुणचार आणि जागा देणं यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. मग निदान आपल्या गॅलरीत तरी आपण फक्त चहा पाजणारे होऊ नये.

गेल्या पावसाळ्यात एका अळीने अम्मीच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर कोष केला. अम्मीने दहा-बारा दिवस कपडे आतल्या खोलीत वाळवले. ज्या सकाळी कोष रिकामा दिसला, त्या दिवशी तिनेच मला हाक मारून उठवलं. दुपारी तिने दोरीवर पुन्हा कपडे घातले, आणि रिकाम्या कोषाजवळची वीतभर जागा मात्र तशीच सोडली.