भीक नव्हे, घामाची बाकी

(बिरवाडी येथील बैठकीत शेतकरी महिलांपुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे एक हिशेब मांडणार आहे. हिशेब म्हातारपणाचा आहे, आणि तोही बाईच्या म्हातारपणाचा.

भाताचा उत्पादनखर्च कसा काढायचा हे आपण शिकलो. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतचा खर्च कागदावर मांडला, तेव्हा भातशेती तोट्यात का जाते ते कळले. पण त्या कागदावर घरच्या बाईची मजुरी किती जणांनी धरली? कवळाचे भारे तिने वाहिले, लावणीला ती वाकली, नाचणी तिने बेणली. ती मजुरी तिला मिळाली नाही, म्हणजे ती कोणाकडे तरी बाकी आहे. ही बाकी चाळीस-पन्नास वर्षांची आहे.

महाड-पोलादपूरची तर तऱ्हाच निराळी. इथला पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेला, गिरणीत राबला. गावची शेती राखली बाईने. गिरणीतल्या माणसाचे नाव हजेरीपटावर होते. फंड कापला जात होता. १९७१ साली कुटुंब पेन्शनची योजना आली, १९९५ साली कर्मचारी पेन्शन योजना आली. मिळाले ते पुरेसे नव्हते, पण नोंद होती. चिखलात चाळीस पावसाळे काढणाऱ्या त्याच्या बायकोची नोंद कुठे आहे? जनगणनेच्या कागदावर 'घरकाम' लिहिले, की ती काम न करणाऱ्यांत जमा! नवऱ्यामागे तिला पेन्शन मिळाले तरी ते त्याची विधवा म्हणून मिळते. शेतकरी म्हणून एक पैसाही नाही.

कोणी म्हणेल, म्हातारपणाला मुलगे आहेत. आहेत ना! पण मुलगा वसई-विरारला भाड्याच्या खोलीत, नाहीतर इथेच औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे. त्याचीच चूल मुश्किलीने पेटते. माझ्या काकीला गुडघ्याच्या गोळ्या आणायच्या, तर ती सुनेकडे पैसे मागत नसे. दुखणे सोसत असे. उभा जन्म घराला पोसणाऱ्या बाईला शेवटी वीस रुपयांसाठी तोंडाकडे बघावे लागते, हे मला जास्त लागते. त्यातून बाई नवऱ्यापेक्षा वयाने लहान असते आणि बहुधा जगतेही जास्त. म्हणून शेवटची वर्षे तिला एकटीलाच काढावी लागतात.

आता सरकार काय देते ते बघू. केंद्राने वृद्धांची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, महिना ७५ रुपयांनी. २००६ साली ते २०० झाले. राज्याची श्रावणबाळ योजना ६५ वर्षांवरच्यांना आहे. २०२३ च्या जुलैत तिची रक्कम महिना १,००० वरून १,५०० झाली. २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे महिन्याचे पेन्शन पाच दिवसांच्या मजुरीएवढे.

बरे, तेवढे तरी मिळते का? रक्कम वाढवली तेव्हा कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजारांवरच राहिली. त्या २९७ रुपयांनी भागून बघा. घरातल्या एकाने वर्षात ७१ दिवस रोजगार हमीवर माती उचलली, की घर २१ हजारांच्या वर गेले. कायदा हमी देत होता १०० दिवसांची! म्हणजे सरकारनेच दिलेले काम केले म्हणून म्हातारीचे पेन्शन हुकायचे. मग उत्पन्नाचा दाखला 'बसवून' आणावा लागतो. जन्मभर खरे बोललेल्या बाईला म्हातारपणी खोटे बोलायला लावणारी ही अट आहे.

दुसरी गंमत ऐका. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये सुरू झाले. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, वय २१ ते ६५. म्हणजे हातपाय चालतात तोवर अडीच लाखांची मर्यादा, आणि ६५ उलटून हात थकले की २१ हजारांची! बहीण लाडकी असते ती पासष्टीपर्यंत. आई झाली, आजी झाली, की तिने दाखले गोळा करायचे.

इथे आपल्यातलेच कार्यकर्ते विचारतात, "आपण तर म्हणतो, भीक नको, हवे घामाचे दाम. मग सरकारपुढे हात पसरायचा का?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे. २०२३ च्या मार्चमध्ये सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा त्याला कोणी भीक म्हटले नाही. नोकरीचा मागे राहिलेला पगार, असे म्हटले. शेतीमालाचे भाव पाडून जे स्वस्त धान्य शहराला मिळाले, त्यात या बाईची मजुरी गेली. तिचे पेन्शन म्हणजे ती बाकी. बाकी मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे.

ब्राझीलचे उदाहरण बघा. तिथे पूर्वी खेड्यातले पेन्शन कुटुंबप्रमुखाला, म्हणजे बहुधा पुरुषाला मिळे. शेतकरी बायांनी चळवळ केली. १९८८ च्या घटनेने आणि १९९१ च्या कायद्याने शेतात राबणाऱ्या बाईला वयाच्या ५५ व्या वर्षी स्वतःच्या हक्काने पेन्शन मिळू लागले, पुरुषाला ६० व्या. रक्कम किमान वेतनाएवढी. वर्गणी भरल्याची पावती लागत नाही. शेतात काम केल्याचा पुरावा लागतो. म्हणून तिथल्या बायांनी आधी कागदपत्रे मिळवण्याची मोहीम काढली.

आपली गाडी अडते ती इथेच. आपल्या बाईजवळ ती शेतकरी असल्याचा कागदच नाही. १९८६ साली चांदवडच्या अधिवेशनाला लाखांनी बाया जमल्या. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि हजारो शेतकऱ्यांनी आपखुशीने जमीन बायकोच्या नावे केली. १९९२ साली शासनानेही नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची योजना काढली. ते काम आपल्या डोंगरपट्ट्यात पुरे करायचे राहिले आहे.

म्हणून तीन कामे घेऊन घरी जा. भावांनो, तुम्ही धडधाकट आहात तोवर तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावा. आणि घरात कोणी वारले असेल तर वारसनोंदीत आईचे आणि बहिणीचे नाव गाळू नका. कारखान्यात जाणाऱ्या पोरींनो, ठेकेदार बदलला की फंड काढून मोकळ्या होऊ नका. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते, जुनी नोकरी नव्या खात्यात जोडून घ्या. तिसरे काम सगळ्यांचे. गावातल्या साठीपुढच्या प्रत्येक बाईची यादी करा: कोणाला मिळते, कोणाला नाही, कशामुळे अडले. ती यादी घेऊन आपण तहसील कचेरीवर जाऊ, आणि मागणी एकच ठेवू. घरातल्या कर्त्याचे उत्पन्न विचारू नका. हिने किती वर्षे शेत केले, ते विचारा.

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या प्रत्येक म्हातारीला तोंडपाठ आहे.